कापडी डायपर, लातूरचं पाणी आणि लंगोट धुणारा बाप

काय घेतलं ते आधी सांगतो. पॉकेट पद्धतीचे कापडी डायपर, सहा कव्हरं आणि बारा अस्तरं असा संच, ऑनलाइन मागवलेला. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, आतून मऊ फ्लीस, दोन्हींच्या मध्ये खिसा. खिशात शोषून घेणारं अस्तर सरकवायचं. पुढच्या बाजूला प्रेस बटणांच्या रांगा, म्हणजे बाळ वाढेल तसं माप वाढवता येतं. खोक्यावर लिहिलंय ‘३ ते १७ किलो’. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घडणीचा माल चार-पाच नावांनी मिळतो, आणि माझ्या तक्रारी कमी-जास्त फरकाने सगळ्यांनाच लागतील.

मी लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर हिशेब लिहितो. घरात आई, बायको आणि फेब्रुवारीत आलेली मुलगी. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, उदगीरला व्हायचं. पण सगळं दाखवणं इथल्याच डॉक्टरीणबाईंकडे होतं, म्हणून सासूबाईच लातूरला येऊन राहिल्या. त्यामुळे मला दर रविवारी सासुरवाडीला जाऊन लेकीचं तोंड बघायची वेळ आली नाही. आमच्याकडच्या बापांना लेकरू रोजच्या रोज बघायला मिळतं ते सहसा तिसऱ्या महिन्यानंतर.

पण घरात असून करायचं काय? बाळाचं न्हाणं मालिशवाल्या मावशींकडे, शेक-शेगडी सासूबाईंकडे, डिंकाचे लाडू आणि खसखशीची खीर आईकडे. मला बाळ द्यायचे ते झोपल्यावर. एकाच कामावर कुणी हक्क सांगत नव्हतं, ते म्हणजे लंगोट. ते मी उचललं.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत या महागड्या संचाचा काहीही उपयोग झाला नाही, हे खरेदीदारांनी नीट वाचावं. मुलगी जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅम. सगळ्यात लहान मापाची बटणं लावली तरी मांडीपाशी फट राहायची, आणि जे बाहेर यायचं ते थेट दुपट्यावर. शिवाय नाळ पडेपर्यंत बेंबीवर काही घासू द्यायचं नसतं. कव्हरची पुढची पट्टी नेमकी तिथंच येते. लंगोटाचं तसं नाही, बेंबीच्या खाली दुमडून नाडी सैल बांधली की झालं. आईने तिच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे करून शिवलेले, आणि मी गंजगोलाईच्या बाजारातून आणलेले मलमलचे दोन डझन, एवढ्यावर आमचं पहिलं पर्व पार पडलं. मलमलचे तीन धुण्यांतच मऊ झाले. लुगड्याचे आधीपासूनच होते. त्यांना कुठलाच ब्रँड हरवू शकत नाही.

आता मुद्द्याचं. लंगोट शोषून ठेवत नाही, ओला झाला की ओलाच, बाळ लगेच रडून सांगतं. लोक याला तोटा म्हणतात. पहिल्या महिन्यात मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटला. झालं असं, की चौथ्या-पाचव्या दिवशी घरात कुजबुज सुरू झाली की दूध पुरत नाही. वजनही जरा उतरलं होतं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण घरात दोन आज्या असल्यावर डॉक्टरचं कोण ऐकतं? शेजारच्या काकूंनी पावडरच्या डब्याचं नावसुद्धा सुचवलं. बायको रडवेली. तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला, ‘चोवीस तासांत शू किती वेळा?’ खोलीतल्या तिन्ही बायकांनी माझ्याकडे बघितलं, कारण धुणारा मी. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि शी काळी-हिरवी राहिली नसून मोहरीसारखी पिवळी झाली असेल, तर दूध पोटात जातंय असं समजायचं, एवढा तो साधा हिशेब.

त्या रात्रीपासून मी कालनिर्णयवर तारखेच्या चौकोनात रेघा ओढायला लागलो. ओल्या लंगोटाला उभी रेघ, शीला फुली. आई म्हणाली, ‘काय करूलालास रे ह्ये? लेकराची शू मोजूलालास?’ मोजत होतोच. पोत्यांच्या थप्प्या मोजण्यात इतकी वर्षं गेली, पण बेरीज बघून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. आठ रेघा, तीन फुल्या, दूध पुरतंय. डबा आणला नाही. डिस्पोजेबल डायपर असता तर एवढं कळलं नसतं. त्याच्या आत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे बारीक दाणे असतात, ते पाणी ओढून त्याचा गोळा करून ठेवतात. दोन वेळची शू आहे की चारची, ते हाताला समजत नाही.

मुलगी चार किलोच्या वर गेल्यावर पॉकेट डायपर अंगाला बसायला लागले आणि माझं मत बदलायला लागलं. मांडी भरली की फट राहत नाही. पाठीच्या बाजूने गळती तर पूर्ण बंद झाली. सगळ्यात मोठी सोय म्हणजे मोंढ्यातून आल्यावर तिला बिनधास्त पोटावर घेऊन पडता येतं. लंगोटाच्या काळात माझा एकही शर्ट तिने सोडला नव्हता. आता ती छातीवर हनुवटी टेकवून बघत राहते, मी सोयाबीनचा भाव सांगतो, ती हसते. भाव कमी असला तरी हसते.

पण लातुरात कापडी डायपरचं परीक्षण पाण्याशिवाय पुरं होत नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा. बाकी बोअर. आणि आमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की आई २०१६ वर जाते. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा. पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती तेव्हा जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. ‘जलदूत’ नावाच्या त्या पाणीगाडीच्या पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. त्या उन्हाळ्यात जिने घागरी सांभाळल्या, तिच्यासमोर मुलगा बादलीवर बादली ओतून कापडी डायपर धुतो आहे, हे दृश्य तिला झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून मी बादल्या मोजल्या. दिवसभराच्या लंगोटांना तीन पुरतात, कारण कापड पातळ, साबण लगेच निघतो. पॉकेट डायपरच्या अस्तरांना पाच लागतात. जाड अस्तर चार पदरांचं असतं, फेस निघता निघत नाही. नव्या अस्तरांचा तर आणखी ताप, वापरायच्या आधीच चार-पाच वेळा धुवा म्हणतात, म्हणजे त्यांची शोषण्याची ताकद पूर्ण उघडते. खरं आहे ते, पहिल्या धुण्यानंतर त्यांच्यावरून पाणी नुसतं घरंगळत होतं. पण आमच्याकडे तेवढं पाणी हातात असेल तेव्हाच हा मुहूर्त लागतो.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी लिहायला पाहिजे, कारण सूचनापत्रिकेत ती कुठंच नाही. आमच्या काळ्या खडकातलं पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. साबण या क्षारांशी जुळून चिकट साका तयार करतो आणि तो अस्तराच्या धाग्यांत बसतो. मे महिन्यात अस्तरं पुठ्ठ्यासारखी कडक झाली आणि शोषेनात, तेव्हा कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, ‘सर, जास्त वेळा धुवा.’ जास्त वेळा म्हणजे कुठल्या पाण्याने, बाई? शेवटी उपाय घरातच सापडला. धुण्याची पावडर निम्मी केली, धुणं बोअरवर आणि शेवटचा खळबळा नळाच्या साठवलेल्या पाण्यात. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात भिजवायचं. फरक चार दिवसांत कळला. कपडे मऊ करायचं ते वासाचं औषध मात्र अजिबात घालू नका, धाग्यांवर त्याचा थर बसून शोषण आणखी कमी होतं. खळबळ्याचं पाणी आम्ही संडासात टाकायला ठेवतो, त्यामुळे आईचा निम्मा राग गेला.

ऊन मात्र फुकट आणि भरपूर. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा गच्चीवर टाकलेला लंगोट खाली येऊन पाणी पिऊन परत जाईपर्यंत वाळलेला असतो. पिवळे डागसुद्धा ऊनच खातं, वेगळा डागनाशक घेण्याची गरज नाही. कव्हरं तेवढी सावलीत घालावीत, कडक उन्हात त्यांचं इलॅस्टिक आणि पाणी अडवणारा थर लवकर खराब होतो. गच्चीवर लंगोट वाळत घालणारा पुरुष बघून पहिले काही दिवस समोरच्या गच्चीवरून हसू यायचं. आता तिकडचा नवा बाप मला ‘अस्तर कुठलं घेतलंस?’ विचारतो.

जुलैत सगळं उलटलं. भिजभिज चालू, जाड अस्तर दीड-दीड दिवस दमट. सासूबाईंनी जुना इलाज काढला, शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर लंगोट पसरायचे. लंगोट छान वाळतात, ओव्याचा वास लागतो. धूर होतो तेवढा वेळ बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवायचं, एवढी अट मी घातली. अस्तरं मात्र टोपलीवर वाळत नाहीत. पावसाळ्यापुरते आम्ही पुन्हा लंगोटावर आलो, आणि रात्रीला डिस्पोजेबल.

हो, डिस्पोजेबल. पावित्र्य वगैरे काही नाही. रात्री एक आणि उदगीरला जाताना एसटीत एक. आम्हाला लहान मापाचा नग दहा रुपयांच्या आसपास पडतो. दिवसरात्र तेच वापरलं तर महिन्याच्या किराण्याला भिडेल. दुसरा प्रश्न टाकायचं कुठं. २०१६ च्या घनकचरा नियमांत नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका असं लिहिलं होतं. आम्ही वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीत देतो. निम्मी गल्ली नालीत देते, ते पावसात दिसतं.

पुरळ एकदाच उठलं, ऐन मे महिन्यात, आणि ते कापडी डायपरमध्येच. अस्तर कितीही भारी असो, उन्हाळ्यात दोन-अडीच तासांच्या वर ठेवू नये. डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं मलम दिलं, पावडर बंद केली आणि दुपारी काही न बांधता मोकळं ठेवा म्हणाले. ती दुपारची वेळ आता घरातली सगळ्यांत लाडकी वेळ आहे. खाली रबरी कापड, त्यावर दुपटं, वर पंखा, आणि ही बाई दोन्ही पाय वर करून स्वतःचाच अंगठा पकडायच्या खटपटीत. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी पडून असतो. कधी कारंजं उडतं. उडू दे.

पाचपैकी साडेतीन तारे. वजनाचा दावा खोटा म्हणून एक तारा कापला, जड पाण्याबद्दल पत्रिकेत अवाक्षर नाही म्हणून अर्धा. बटणं आणि शिलाईबद्दल तक्रार नाही.

घेणार असाल तर मोठा संच घेऊ नका, आधी दोन घेऊन बघा, आणि तेही बाळ चार किलोचं झाल्यावर. अस्तर सुती किंवा बांबूचं मागा. मायक्रोफायबरचं भराभर ओढतं, पण दाबलं की सोडतं, आणि अंगाला लागलं तर कातडी कोरडी पाडतं. रंग गडद घ्या. आम्ही त्यात एक पांढरं कव्हर आवडीने निवडलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते विचारू नका.