पाचशे रुपयांचे मार्गदर्शन सत्र : माहिती चोख, पॅकेज नको

बास्केटबॉल खेळणाऱ्या पुतण्याला घेऊन, कापसाच्या वेचणीचा एक दिवस मोडून, यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी भरलेल्या एका क्रीडा मार्गदर्शन सत्राला मी गेलो होतो. विषय होता, महाविद्यालयाऐवजी थेट परदेशात व्यावसायिक म्हणून खेळण्याचा.

माहितीचा भाग उत्तम होता. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या दरवर्षीच्या खेळाडू-निवडीसाठी किमान 19 वर्षे वयाची अट 2006 पासून लागू झाल्याने शाळेतून थेट तिथे जाता येईना; म्हणून अमेरिकी खेळाडू ब्रँडन जेनिंग्ज महाविद्यालयाऐवजी 2008 मध्ये रोमच्या संघाकडून खेळायला गेला आणि पुढच्याच वर्षी एनबीएच्या निवडीत दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉल लीगने 2018 मध्ये महाविद्यालय टाळणाऱ्या अशा मुलांसाठी ‘नेक्स्ट स्टार्स’ योजना काढली आणि तिच्यातून लामेलो बॉल 2020 च्या एनबीए निवडीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला, हे वक्त्यांनी फळ्यावर मांडून समजावले. त्याच योजनेतील आर. जे. हॅम्प्टन चोविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला, हेही त्यांनी लपवले नाही.

मात्र 2021 पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली आणि परदेशी वाटेचे आकर्षण बरेच ओसरले, ही बाब गाळली गेली. माझ्या मते हीच सर्वांत मोठी उणीव. ती सांगितली असती, तर शेवटी गळ्यात मारू पाहिलेले ‘परदेश पॅकेज’ कोणी विचारलेही नसते, अशी शंका येते. आमच्या शाळेच्या मैदानावर एकच रिंग आहे, तीही जाळीविना. पॅकेज आम्ही घेतले नाही. सत्राला पाचपैकी तीन गुण.