जुन्या गाडीचा हँडब्रेक : पैसे नव्या केबलचे, काम फक्त नट आवळण्याचं

आमची आल्टो 2008 सालची. हँडब्रेक इतका सैल झाला होता की पार वर ओढला तरी उतारावर गाडी हळूहळू सरकायची. साताऱ्यातल्याच एका गॅरेजमध्ये दाखवली. मालकाने एकदा हँडब्रेक ओढून बघितला आणि लगेच सांगितलं, "केबल गेलीय, मागचे लायनर पण संपलेत. 5,400 होतील." लायनर म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, आणि ड्रम म्हणजे त्यांच्यावरचा, चाकासोबत फिरणारा गोल डबा. चाक काढलं नाही, ड्रम उघडला नाही, मग लायनर संपलेत हे याला दिसलं कुठून? हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

संध्याकाळी गाडी मिळाली. तिसऱ्याच खटक्याला हँडब्रेक घट्ट! समाधानाने पैसे दिले. बिल म्हणून एक चिठ्ठी मिळाली, 'ब्रेक काम 5,400'. गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही.

आठवडाभरात गाडी ओढेनाशी झाली. थांबलो की मागून करपल्यासारखा वास यायचा. मी दुर्लक्ष केलं, ते चुकलंच. श्रावणी सोमवारी आईला घेऊन साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या देवळाला निघालो. घाटात कडेला थांबून हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला आणि खाली 'तट्ट' असा आवाज झाला. हँडब्रेक हातात एकदम हलका. गाडी मागे जायला लागली. आई मागच्या सीटवर, हातात बेलाची पिशवी. पाय पुन्हा ब्रेकवर गेला म्हणून वाचलो. आजही तो आवाज आठवला की पोटात गोळा येतो.

मग एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर ड्रम काढले. लायनर जुनेच, झिजून पत्र्याला टेकायला आलेले. केबल गंजलेली, तारा एकेक करून तुटत आलेल्या. हँडब्रेकखालचं कव्हर काढल्यावर कळलं, अॅडजस्टिंगचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळला होता आणि त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. एवढंच काम झालं होतं, पाच मिनिटांचं. केबल सतत ताणलेली राहिल्याने लायनर ड्रमला घासत होते, म्हणून तो वास. मेस्त्री म्हणाले, "आधी ड्रममधलं सेटिंग करायचं, केबल शेवटी ताणायची. ह्यांनी उलटंच केलंय."

पहिल्या गॅरेजवाल्याने हात वर केले. "आमचंच काम कशावरून?" हातात फक्त ती बिननावाची चिठ्ठी, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमची गाडी जुनी असेल तर ड्रम समोर उघडायला लावा. काढलेली केबल आणि लायनर मागून घ्या, बिलात प्रत्येक पार्ट वेगळा लिहून घ्या. पक्कं बिल असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी नीट मांडता येते. गाडी ताब्यात घेण्याआधी मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवा. हँडब्रेक खाली असताना ती मोकळी फिरली पाहिजेत, ओढल्यावर दोन्ही जाम झाली पाहिजेत. आणि काम होईपर्यंत चढावर गाडी लावलीत तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा, आणि आत कुणाला बसवून ठेवू नका.