बिनबियांच्या कलिंगडाचं बियाणं: महाग पाकीट कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

बिनबियांच्या कलिंगडाचं बियाणं दाणे मोजून विकलं जातं आणि एकेका दाण्याचा भाव साध्या संकरित कलिंगडाच्या कितीतरी पट पडतो. फळ त्या भावाला जागतं: गर घट्ट, काढणीनंतर टिकाऊ, खाताना पांढऱ्या मऊ पापड्यांपलीकडे दाताखाली काही येत नाही. पैसे बुडतात ते उगवणीच्या पहिल्या आठवड्यात. तिथे बहुतेक वेळा बियाण्याला दोष दिला जातो आणि चूक पाण्याची असते.

पाकिटातला एक दाणा उभा चिरून पाहावा, इतका महाग असला तरी. कवच जाड दिसेल, आतला गर्भ बारीक, आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा. साध्या कलिंगडाच्या बीत गर्भ कवचाला टेकलेला असतो. हा फरक या बियाण्याच्या घडणीतच आहे, कंपनी बदलून तो जात नाही.

जपानमध्ये शास्त्रज्ञ किहारा यांनी बसवलेली आणि १९५१ मध्ये शोधनिबंधातून मांडलेली पद्धत आजही तीच आहे. गुणसूत्रं दुप्पट करणारं कोल्चिसिन हे रसायन वापरून ४४ गुणसूत्रांची चतुर्गुणित, म्हणजे चार संचांची मादी तयार करायची आणि तिच्यावर २२ गुणसूत्रांच्या साध्या नराचे पराग टाकायचे. गर्भ ३३ गुणसूत्रांचा, म्हणजे त्रिगुणित होतो. गुणसूत्रांच्या तीन-तीन प्रती नीट वाटल्या जात नाहीत, म्हणून त्या रोपाला पुढे बी धरत नाही. पण गर्भाला पोसणाऱ्या भ्रूणपोषाचा हिशोब वेगळा आहे. सपुष्प वनस्पतींत त्यात गुणसूत्रसंचांचे आईकडून दोन वाटे आणि बापाकडून एक असतो. इथे आईचे चार आणि बापाचा एक होतो.

हे प्रमाण इतकं महत्त्वाचं का, याचं उत्तर जीनोमिक इम्प्रिंटिंगमध्ये आहे. भ्रूणपोषात काही जनुकांची फक्त आईकडून आलेली प्रत चालते, काहींची फक्त बापाकडून आलेली. मक्याच्या दाण्याला रंग देणाऱ्या ‘आर’ जनुकावर जेरी कर्मिकल यांनी १९७० मध्ये हे दाखवलं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या लहान रोपात आईकडून चालणारं मेडिया जनुक भ्रूणपोषाच्या वाढीला लगाम घालतं, तर फेरेस-१ हे बापाच्या बाजूचं जनुक आहे. आईचे वाटे वाढले की लगाम आवळला जातो, भ्रूणपोष लवकर आटोपतो आणि दाणा लहान राहतो. कलिंगडाच्या बीत सगळा साठा शेवटी बीजपत्रांत जात असल्याने ही तूट थेट गर्भाच्या अंगावर दिसते. उलटा संकर, म्हणजे साधी मादी आणि चतुर्गुणित नर, कामाचं बी देतच नाही. त्यामुळे मादी चतुर्गुणितच ठेवावी लागते, तिच्या फळात दाणे मुळात कमी भरतात, आणि पाकिटाचा भाव तिथून चढतो.

आता रोपं उगवायच्या ट्रेकडे. कवचाखालच्या पोकळीत पाणी साचलं की गर्भ गुदमरून कुजतो. म्हणून बी रात्रभर भिजत घालू नये. ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. दाण्याचं टोकदार तोंड वर करून, उभं किंवा तिरकं लावावं. त्यामुळे टरफल बीजपत्रांना चिकटून राहायचं प्रमाण घटतं. मग ट्रे २९ ते ३२ अंश सेल्सिअसला दोन दिवस बंद खोलीत ठेवावेत आणि मोड दिसेपर्यंत पाणी देऊ नये. आपल्याकडे जानेवारीच्या लागवडीत नेमकं उलटं घडतं. ट्रे चिंब भिजवून, एकावर एक रचून, काळ्या प्लास्टिकखाली झाकतात, आणि रात्री थंड असतात. साधं कलिंगड यातून निभावतं, त्रिगुणित नाही. अंकुर वर आल्यावर २१ ते २७ अंश पुरतात. टरफल अडकलेलं दिसलं तर सकाळी फवाऱ्याने ओलं करून हलक्या हाताने काढावं; कोरडं ओढलं तर बीजपत्र तुटतं.

शेतातली दुसरी अट नर रोपांची, म्हणजे पराग पुरवणाऱ्या साध्या रोपांची. त्रिगुणिताचे पराग निकामी असतात, पण परागांशिवाय फळ फुगत नाही. तीन रोपांमागे एक साध्या कलिंगडाचं रोप हवंच, आणि त्याची साल वेगळी ओळखू यावी. मुख्य फळ पट्ट्यांचं असेल तर गडद हिरवी शुगर बेबी चालते. फूल एकच दिवस, तेही सकाळीच उघडं असतं, म्हणून एकरी एक-दोन मधमाशीपेट्या ठेवाव्यात आणि फुलोऱ्यात सकाळची फवारणी बंद करावी. पराग कमी पडले की फळ देठाकडे निमुळतं होतं किंवा आत पोकळ निघतं.

ज्याच्याकडे तापमान सांभाळणारी रोपवाटिका नाही, त्याने पाकीट घेऊच नये. तयार रोपं घ्यावीत. सरकारी संस्थांचे वाणही आहेत: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा बेदाना, बंगळूरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का मधुरा, केरळ कृषी विद्यापीठाचे लाल गराचा शोणिमा आणि पिवळ्या गराचा स्वर्णा. घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. शेतात लावायच्या नर वाणाचं बी सोबत मिळतं का? आणि ज्या संकरातून हे बियाणं आलं, त्यातल्या चतुर्गुणित मादीची साल बिनपट्ट्यांची व नराची पट्ट्यांची आहे का? तसं असेल तर पट्टे नसलेलं फळ म्हणजे मादीच्या स्वपरागणातून आलेली भेसळ, आणि ते पहिल्याच तोड्यात ओळखू येतं. मात्र ही खूण वापरायची तर शेतात पराग पुरवणारं नर रोप बिनपट्ट्यांचं, पण रंगाने स्पष्ट वेगळं हवं, नाहीतर त्याचीच फळं भेसळीत मोजली जातील.