एनडीएवर सही करायची का? जॉइनिंगचा कागद आणि सेटलमेंटचा कागद

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लागा नाहीतर पुण्या-बेंगळुरात आयटीत, जॉइन होताना कागदांच्या गठ्ठ्यात एनडीए, म्हणजे माहिती बाहेर सांगणार नाही असा करार, असतोच. तो वेगळा, आणि लैंगिक छळाची तक्रार केल्यावर एचआर "मिटवून टाकूया की ओ" म्हणत पुढं सरकवतं तो वेगळा.

पहिल्याला फार घाबरू नका. ड्रॉइंग, रेट, कस्टमरची माहिती गुप्त ठेवा, पण त्याच्या जोरावर पॉशची, म्हणजे कामाच्या जागी लैंगिक छळ रोखायच्या कायद्याखालची, तक्रार अडवता येत नाही. अमेरिकेत यासाठी २०२२ ला स्पीक आउट अ‍ॅक्ट आणला, वाद व्हायच्या आधीच लिहून घेतलेली गप्प बसायची अट तिथं छळाच्या केसमध्ये चालत नाही.

खरा घोळ दुसऱ्या कागदात. त्याला तो अमेरिकन कायदा हात लावत नाही, राज्यं आपापलं बघतात. कॅलिफोर्नियात कोर्टात किंवा सरकारी खात्याकडं तक्रार गेली असली की घडलेलं दाबता येत नाही, रक्कम झाकता येते, आणि बाईनं मागितलं तर तिचं नाव. न्यूयॉर्कात बाईचीच इच्छा असली तर गुप्तता चालते, आणि सही केल्यावरही ७ दिवसांत मागं फिरता येतं. मला न्यूयॉर्कचं जास्त पटतं, कारण कधीकधी तिलाच झालेलं बाहेर जायला नको असतं.

आपल्याकडं एनडीएसाठी असा वेगळा कायदा नाही. पण २०१३ च्या पॉश कायद्याचं कलम १० बघा: समेट बाईनं मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर तर नाहीच. म्हणजे "एवढे घे आणि तक्रार मागं घे" हे पॉशच्या तक्रारी बघणाऱ्या कमिटीसमोर बसतच नाही. कोर्टात जाणार नाही असं लिहून घेतलं तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम २८ ते रद्दबातल धरतं. उलट पॉशच्या कलम १६ मुळं नाव, तक्रार, चौकशी लोकांत किंवा पेपरात देता येत नाही, मग गुप्ततेसाठी वेगळा कागद हवाच कशाला?

माझं मत, तक्रार लेखी दिल्याशिवाय सेटलमेंटचं बोलणंच नको, कारण तक्रारीची मुदत ३ महिन्यांची (कमिटी आणखी ३ वाढवू शकते) आणि "बघू, बसू" करत तीच संपवतात. दहापेक्षा कमी माणसांचं युनिट असेल किंवा मालकावरच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडं जायचं. कागद इंग्लिश-कन्नडात असला आणि नीट कळला नाही तर सही थांबवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला वकील फुकट मिळतो, पगार कितीही असू दे.