झुरळाच्या नजरेला नजर : रेनॉक्स डीसीआर-२५० क्लोज-अप भिंग

झुरळ आपण कायम वरून पाहतो. पाच फुटांवरून, मोरीच्या पांढऱ्या फरशीवर, हातात चप्पल असताना. पडद्यावरही ते बहुधा असंच येतं : दिवा लागतो, तपकिरी ठिपके सैरावैरा पळतात आणि बघणाऱ्याला शिसारी येते. तेच झुरळ जमिनीलगतून, त्याच्या मिशांच्या उंचीवरून दाखवलं की चित्र पार पालटतं. घरच्या कॅमेऱ्यावर असं चित्रण करायचं असेल, तर जपानी बनावटीचं हे छोटं भिंग घेण्यासारखं आहे. त्याच्या खोडी मात्र आधी माहीत हव्यात.

हे स्वतंत्र लेन्स नव्हे. आपल्याकडच्या टेलिझूमच्या, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्सच्या (५५-२५० किंवा ७०-३०० मिमी) तोंडावर ते बसवायचं. आत तीन काचा आहेत, शक्ती +८ डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिमी. सोबत येणारी स्प्रिंगची चकती ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर चिमट्यासारखी बसते. मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की मोठेपणाचा हिशेब सोपा : झूमचा आकडा भागिले १२५. २५० मिमीवर दुप्पट, १२५ वर जेवढ्यास तेवढं (सेन्सरवरची प्रतिमा कीटकाएवढीच). झूम कितीही फिरवलं, तरी कीटक भिंगापासून सुमारे ११-१२ सेंटिमीटरवरच राहतो.

या अंतरातच या भिंगाची खरी किंमत आहे. मोबाईलला लावायची १५ पटींची क्लिप लेन्स कीटकापासून एक-दोन सेंटिमीटरवर न्यावी लागते. मग फोनची सावली पडते आणि झुरळ निसटतं. झुरळाच्या पाठीमागच्या टोकाला शेपटीसारख्या दोन काड्या असतात, त्यांवरच्या केसांना हवेची हलकी झुळूकही कळते. आपला श्वास पुरतो. बारा सेंटिमीटर लांब राहून, कॅमेरा तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवून, तोंड बाजूला ठेवलं तर ते आपल्याच कामात गुंग राहतं.

आणि ते काम बघण्यासारखं असतं. झूम १२५ वर ठेवा, चौकटीत डोकं आणि पुढचे पाय येतील एवढं. पुढच्या पायाने मिशी वाकवून तोंडाशी आणणं, मग ती बुडापासून टोकापर्यंत तोंडातून ओढून घेणं, हे ते पुन्हा पुन्हा करतं. मिशांवर मेणासारखा थर साचतो आणि तो काढला नाही तर वास नीट कळत नाही, म्हणून ही साफसफाई. ज्याचं नाव घाणीशीच जोडलं गेलं आहे, त्या प्राण्याची ही निगुती सलग अर्धा मिनिट दाखवा. निवेदनाची गरज पडत नाही. कात टाकतानाचं दृश्य त्याहून सुंदर : आतून निघतं ते दुधासारखं पांढरं झुरळ, काही तासांत तपकिरी होतं. अनेकांना ती वेगळीच जात वाटते.

आता अडचणी. ७०-८० मिमीच्या खाली झूम आणलं की चौकटीचे कोपरे काळे पडतात. १०० च्या पुढे स्वच्छ. म्हणून घरातलं मोठं, चार सेंटिमीटरच्या घरातलं झुरळ मिशांसकट या भिंगात मावत नाही. एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १०० मिमीला जेमतेम २८ मिमी रुंदीचा भाग दिसतो, २५० ला अवघा ११ मिमी. मिशा वगळून अख्खा कीटक हवा असेल तर याच कंपनीचं डीसीआर-१५० (+४.८) घ्या, त्यात १०० मिमीवर ४५ मिमीहून थोडी जास्त रुंदी मिळते आणि अंतरही सुमारे २० सेंटिमीटर राहतं. चेहरा, पाय, मिशा यांसाठी डीसीआर-२५०.

दुसरी अडचण त्या स्प्रिंगच्या चकतीची. जरा धक्का लागला की निसटते, आणि खाली कीटक असतो. भिंग चकतीतून काढलं की मागे ४३ मिमीचा आटा मिळतो. ५८ मिमीच्या लेन्सवर ५८-४३ ची स्टेप-डाऊन रिंग (मोठ्या आट्यावर लहान आटा बसवणारी कडी) लावून ते सरळ फिरवून बसवावं. रिंग स्वस्त असते, आणि भिंग ढळत नाही.

ऑटोफोकस बंद. फोकस अनंतावर सोडून अख्खा कॅमेरा पुढे-मागे सरकवायचा, रेल (कॅमेरा हळूहळू सरकवायची पट्टी) असेल तर उत्तमच. जेवढ्यास तेवढ्या मापाला एफ/११ एवढ्या बारीक छिद्रावरही मिलिमीटरभरसुद्धा खोली स्पष्ट मिळत नाही, तेव्हा डोळा धरायचा आणि बाकी धूसर होऊ द्यायचं. दुप्पट मापाला एफ/१६ च्या मोहात पडू नका, सगळंच मऊ दिसतं.

प्रकाशाबद्दल जरा सविस्तर. स्टॉप-मोशन चित्रपटांचे एक आद्य दिग्दर्शक लाडिस्लास स्टारेविच यांना लिथुआनियातल्या कौनास इथे मोठ्या जबड्यांच्या भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती. दिव्यांखाली भुंगे हालचालच करेनात. शेवटी मेलेल्या भुंग्यांच्या पायांना तार जोडून एकेक चौकट टिपत त्यांनी झुंज उभी केली, आणि १९१२ पर्यंत भुंग्यांचं अख्खं संसारनाट्य पडद्यावर आणलं. आज कमी तापणाऱ्या एलईडीमुळे ही वेळ सहसा येत नाही. पण झुरळाचं कवच चकचकीत असतं, उघड्या एलईडीचे पांढरे डाग त्यावर उमटतात. पॅनेलपुढे बटर पेपरचे दोन थर लावा आणि पॅनेल जमेल तितकं जवळ आणा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००; नाहीतर स्वस्त दिव्यांत पट्टे फिरतात. झुरळाला लाल रंग फारसा दिसत नाही. दिव्यापुढे लाल जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलं तर ते अंधार समजून मोकळेपणी वावरतं, मात्र सेन्सरच्या दर चार टिपक्यांपैकी एकच लाल पकडत असल्याने तपशील घटतो. ते चित्रण कृष्णधवलच करावं.

मंच म्हणून काचेची टाकी, तळाला सागाची वाळलेली पानं. पांढरी फरशी टाळाच. तिच्यावर ठेवलं की बघणाऱ्याचं मन पुन्हा मोरीत जातं. चित्रकार आणि कीटक-अभ्यासक मारिया सिबिला मेरियन यांनी १७०५ च्या, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या कीटकग्रंथात पहिल्याच चित्रात झुरळं रंगवली, ती अननसाच्या झाडावर. त्या चित्रात किळस येत नाही. मोठं झुरळ काचेवर चढतं, म्हणून टाकीच्या आतल्या वरच्या कडेला तीन-चार सेंटिमीटरचा व्हॅसलीनचा पट्टा द्यावा. फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नका : मिशा खाली झुकतात, पाय आखडतात, आणि जे टिपलं जातं ते त्याचं वागणं नसतं. फवारा मारलेल्या घरातलं झुरळ तर वापरूच नये, ते तडफडत असतं. विष्ठेने आणि कातीने दमा-ॲलर्जी होऊ शकते. टाकी स्वयंपाकघरात नको, हातमोजे घाला.

हेच भिंग बाहेर कुंभारमाशीवर फार छान चालतं. मातीची गोळी घेऊन ती त्याच भिंतीवर परत परत येते, त्यामुळे १२ सेंटिमीटरवर आधीच फोकस लावून थांबता येतं. गांधीलमाशीच्या पोळ्यापाशी मात्र हे अंतर धोक्याचं. तिथे डीसीआर-१५० सुद्धा जवळच पडतं. ढेकूण जमेल तितका मोठा हवा असेल तर २५० मिमीचं झूम अपुरं, ३०० लागतं, आणि तेव्हा रेल नसेल तर फोकस हाती लागत नाही.