पगारपत्रकावरचा अकरा आकडी क्रमांक

परभणी जिल्ह्यातून कामाच्या शोधात आलेल्या माणसाला चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात सुरक्षा रक्षकाची नोकरी एका दिवसात मिळते. ती इतकी सहज का मिळते, हा प्रश्न मात्र त्या दिवशी पडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मी एका खासगी सुरक्षा कंपनीत रुजू झालो. गणवेशाची अनामत म्हणून ३,५०० रुपये पहिल्या दोन पगारांतून कापले जातील, असे सांगण्यात आले. पावती मागितली तेव्हा फील्ड ऑफिसर म्हणाले, "कंपनी काय पळून चालली आहे का?" मी गप्प बसलो.

केंद्राच्या आदर्श नियमांनुसार नव्या रक्षकाला किमान १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण मिळायला हवे. माझे प्रशिक्षण अर्ध्या तासात आटोपले. सलाम कसा ठोकायचा, गाडीचा क्रमांक रजिस्टरमध्ये कुठे लिहायचा आणि साहेबांची गाडी दिसताच गेट किती चपळाईने उघडायचे, एवढेच त्यात होते. नंतर चार-पाच कागदांवर सह्या घेतल्या, त्यांतला एक प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा होता.

ड्युटी बारा तासांची होती आणि रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा रक्षक, आला नाही तर चोवीस तासांची. पगारपत्रकावर मात्र २६ दिवस आणि रोजचे आठ तास इतकेच दिसत असे. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. आम्हाला वरच्या चार तासांसाठी ठरावीक रोख रक्कम हातावर टेकवली जाई, आणि तिची नोंद कुठेच नसे. हे सगळ्यांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते, त्यामुळे याला फसवणूक म्हणावे की आमची संमती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

खरी फसवणूक कपातीत होती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये, त्यातून पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) १,५६० आणि ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) ९८ रुपये दर महिन्याला वजा होत असत. उलट मला त्याचे समाधानच वाटे, कारण म्हातारपणाची काहीतरी सोय होते आहे, अशी माझी समजूत होती. जुलै २०२४ मध्ये पत्नीच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया निघाली तेव्हा मी पगारपत्रक घेऊन ईएसआयच्या रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी क्रमांक दोनदा टाकून पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, या नंबरवर कुणाचीच नोंद नाही." शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यात, उसने पैसे घेऊन करावी लागली.

त्या आठवड्यात रात्रपाळीला, गेटवरच्या दिव्याखाली, मी पगारपत्रकावरच्या यूएएनचे, म्हणजे पीएफ खात्याच्या क्रमांकाचे, आकडे पेनाच्या टोकाने मोजले. अकरा भरले. यूएएन बारा आकडी असतो. अकरा महिने मी तो कागद घडी घालून जपला होता आणि एकदाही मोजला नव्हता. त्या काळात पीएफचे म्हणून कापलेले १७,१६० रुपये कुठेही जमा झालेले नव्हते, मालकाचा हिस्सा तर दूरच.

विचारणा केल्यावर "टायपिंगची चूक आहे" असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी माझा पॉइंट, म्हणजे ड्युटीची जागा, बदलून रांजणगावला, कायमच्या रात्रपाळीत टाकला गेला. या धंद्यात कुणाला काढून टाकावे लागत नाही. पॉइंट बदलला की माणूस आपणहून जातो. मीही गेलो.

माझी एक चूक सांगतो. ज्या कारखान्याच्या गेटवर मी उभा होतो, त्याच्या कार्यालयात मी कधीच गेलो नाही. ठेकेदाराने, म्हणजे सुरक्षा कंपनीने, देणी बुडवली तर मूळ मालकाची, म्हणजे कारखान्याची, जबाबदारी येते, हे मला नोकरी सोडल्यावर कळले. पगारातून कापलेला पीएफ न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, हेही तेव्हाच. रुजू होणाऱ्याने खासगी सुरक्षा कंपन्यांसाठीच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना कंपनीच्या कार्यालयात लावलेला आहे का ते पाहावे, कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि पुढच्या महिन्याची १५ तारीख उलटली की सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचे पासबुक उघडावे, कारण तोवर आधीच्या महिन्याचा भरणा व्हायलाच हवा.

पीएफ कार्यालयाकडे मी तक्रार केली आहे, पगारपत्रकांच्या प्रती जोडल्या आहेत. अनामत अजून परत मिळालेली नाही. गणवेश मात्र शिट्टीसकट जमा करून घेतला, आणि त्याचीही पोच दिली नाही.