घरी सिस्टर पाठवणारी एजन्सी, नाशिक : सिस्टरला पाच स्टार, ऑफिसला दोन (तेही जड हाताने)

एजन्सीचं नाव लिहीत नाही कारण ज्या सिस्टर आल्या त्या अजून तिथेच काम करतात आणि माझ्यामुळे त्यांना बोलणी नकोत. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने हातात दोन पानी कागद दिला, सकाळी सात गोळ्या रात्री पाच, शिवाय इन्सुलिन दोन टाइम, आणि आम्ही दोघं नोकरीवाले. पाथर्डी फाट्याला राहतो तर म्हटलं जवळून कोणीतरी येईल. १२ तासांचे १६०० ठरले, दोन हजार डिपॉझिट.

आल्या त्या सिस्टर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, दिंडोरीकडच्या. पहिल्या दिवशी आल्याआल्या त्यांनी काय केलं तर सगळ्या गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतली आणि एकेक पट्टी कागदाशी ताडून बघितली. त्यात बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने निघाली, एक हॉस्पिटलच्या मेडिकलची आणि एक आमची आधीची, आणि दोन्ही चालू होत्या!! आमच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांना फोन लावून एक बंद करून घेतली, मग काम सुरू.

आता खरा किस्सा. संक्रांतीच्या आधीचे दिवस, सासूबाईंची शुगर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ३०० च्या वर. घरात सगळ्यांचा एकच संशय, तिळाचे लाडू. मी तर डबा मोजून ठेवला होता (हो, मोजला, लाज वाटते आता). सासूबाई शपथा घेतायत की मी हात नाही लावला, हे म्हणतायत आई खरं सांग, घरात महाभारत. मी डॉक्टरांना डोस वाढवायचं विचारणार तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या थांबा ताई, कालपासून मला सिरिंज वेगळी वाटतेय. टोपण केशरी होतं. आमच्याकडची इन्सुलिनची बाटली ४० युनिट प्रति मिलीची, तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची १०० युनिट प्रति मिलीच्या बाटलीसाठी असते. मीच आणली होती, मेडिकलवाला म्हणाला लाल संपली, हीच घ्या, सेमच आहे. सेम कुठची, आमचा डोस १४ युनिट, पण त्या सिरिंजवर १४ च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात साडेपाच युनिटच्या आसपास! सकाळी सिस्टर यायच्या आधी मीच टोचत होते आणि संध्याकाळी सिस्टरही त्याच डब्यातली घेत होत्या. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं की कालची संध्याकाळची माझीही चूक, मी टोपण बघायला पाहिजे होतं. डॉक्टरांना फोन करून तेही सांगितलं, लपवलं नाही. आणि वर समजावलं की आपण डोस वाढवून घेतला असता आणि चार दिवसांनी परत लाल सिरिंज आली असती तर आजी शुगर घसरून बेशुद्ध पडल्या असत्या. उलटं झालं तर अजून वाईट, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज म्हणजे अडीचपट डोस. सासूबाईंची माफी मागितली, लाडू अर्थात दिला नाही.

मग आली पौष वद्य एकादशी. निवृत्तिनाथांची यात्रा, सासूबाई तरुणपणी त्र्यंबकला चालत जायच्या, त्यामुळे या दिवशी काही खाणार नाही म्हणजे नाही. आमच्याकडे बाकीच्यांचं एकादशी दुप्पट खाशी, पण यांचं खरंखुरं, दिवसभरात अर्धा राजगिऱ्याचा लाडू आणि चहा. संध्याकाळी सातला शुगर ९२. मी म्हटलं सिस्टर कागदावर १४ आहे, देऊन टाका, तुमची आठला ड्युटी संपते. तर म्हणाल्या, "लिहिलंय जेवणाआधी. जेवण कुठंय?" आणि सिरिंज भरलीच नाही. डॉक्टरांना फोन, फोन लागेना, परत लावला, तोवर सासूबाईंशी गप्पा मारत त्यांना भगर आणि दाण्याची आमटी खायला राजी केलं (मला बारा वर्षांत हे जमलेलं नाही). डॉक्टरांनी आज निम्माच डोस, तोही ताट समोर आल्यावर, आणि रात्री बाराला परत तपासा असं सांगितलं. सिस्टरनी ते फोनवर परत म्हणून दाखवलं, वहीत वेळ टाकून लिहिलं आणि साडेआठला निघाल्या, जादा पैसे मागितले नाहीत. बाराला १३८ आली. हे आकडे आमच्या घरचे आहेत हां, उगाच कोणी निम्मा डोस करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बाकी रोजचं काम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, पायांत उशी, टाचा आणि कंबर बघणं, हे सांगावं लागलं नाही, महिनाभरात पाठीला साधी लाली नाही आली.

आता ऑफिस. रविवारी सिस्टरना सुट्टी, बदली म्हणून एक मुलगी पाठवली, फोनवर सांगितलं नर्सच आहे. गोड पोरगी, तिच्यावर राग नाही, पण ती अटेंडंट होती, नर्स नव्हे. वहीत तीन वेळा बीपी १२०/८० आणि मशीन कपाटातून निघालंच नव्हतं. वर आजींना गिळता येईना म्हणून हृदयाची गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यात दिली. पट्टीवर एक्सएल लिहिलेलं, म्हणजे औषध हळूहळू सुटायला पाहिजे, कुटलं की सगळं एकदम सुटतं. मी बघितलं तेव्हा अर्धी वाटी पोटात गेलेली, संध्याकाळपर्यंत दर तासाला नाडी मोजत बसले, डॉक्टर फोनवर. नशीब की काही झालं नाही. ऑफिसला विचारलं तर म्हणे मॅडम रविवारी ॲडजस्ट करा. १६०० मात्र पूर्ण लावले!

नाशिकमध्ये अशी माणसं शोधत असाल तर फोनवरच्या "ट्रेंड नर्स आहे" वर जाऊ नका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, आणि बदलीवर येणाऱ्या माणसाचाही मागा, आम्ही तिथेच फसलो.

डिपॉझिटचे दोन हजार अजून आलेले नाहीत, "अकाउंटवाले सर सुट्टीवर" तीन आठवडे झाले. आले की एक स्टार वाढवते.